नवरा मला मारतो, पण मुलाला कधी हात लावत नाही. मुलगा मोठा झाल्यावर हे सगळं विसरेल का?

नाही विसरत, ताई. (वय माहीत नाही, तरी ताईच म्हणतो.)

तुम्ही लिहिलंय की मुलगा ९ वर्षांचा आहे, नवऱ्यानं त्याला आजवर बोट लावलेलं नाही, आणि सासूबाई म्हणतात पोर लहान आहे, मोठं झालं की विसरेल. पुढे विचारलंय की तो अभ्यासात मागे पडलाय त्याचा याच्याशी संबंध असेल का, आणि त्याला समुपदेशकाकडे न्यावं का. त्यावर इथे आधीच उत्तरं आली आहेत. बहुतेकांचा सल्ला एकच: मुलासमोर होऊ देऊ नका, निदान दार लावून घ्या. तो दार लावण्याचा सल्ला वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

आमचं घर इचलकरंजीत, यंत्रमागाच्या शेडला लागून. शेडची आणि आमची भिंत एकच. तिथलं पोर मागांच्या खडखडाटात झोपतं आणि माग बंद पडले की जागं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, विणकर. दुसऱ्या गल्लीतल्या एका कारखान्यात बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. आई घरासमोरच्या शेडमध्ये कांड्या भरायला, म्हणजे छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायला, जायची. अण्णा दारू पीत नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत लोकांना दारू सापडली की कोडं सुटल्यासारखं वाटतं. जुगार नाही, बाहेरची भानगड नाही. मला आणि थोरल्या बहिणीला त्यांनी आयुष्यात एक चापटही मारली नाही. जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालायला स्वतः बसायचे, कोपरे अगदी सरळ दुमडायचे. आणि आईला मारायचे.

रोज नाही. आठवड्या-पंधरवड्यानं. पण पोराच्या हिशेबात मधले दिवस रिकामे नसतात, ते वाट बघण्याचे असतात. अण्णा पाळीवरून आले की मी धावत जाऊन पिशवीतून डबा काढायचो. सगळे म्हणायचे, पोरगं किती गुणाचं. मी डबा हलवून बघायचो. भाकरी उरली असली की संध्याकाळ वाईट जाणार. कारखान्यात काहीतरी बिनसलेलं असायचं, धागा खराब आलेला किंवा मालकानं कापडात खोट काढून पैसे कापलेले. रिकामा डबा लागला की मी अंगणात खेळायला जायचो, भरलेला लागला की घरातच रेंगाळायचो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या मुलाकडेही असा एखादा डबा असणार. तुम्हाला तो माहीत नसेल, एवढंच.

आता यावर शास्त्र काय म्हणतं तेही सांगतो. मी डॉक्टर नाही, पुण्यात एका कंपनीत हिशेब लिहितो. हे जे वाचलं ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकांशी भांडायला वाचलं. काका पुढे येतीलच.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०११ मध्ये घरातल्या हिंसेत वाढलेल्या काही मुलांचे मेंदू स्कॅन करताना बघितले. मुलांना माणसांचे चेहरे दाखवत होते, काही रागावलेले, काही दुःखी. रागावलेला चेहरा आला की या मुलांच्या मेंदूतले धोका ओळखणारे भाग, अमिग्डाला आणि इन्सुला, इतर मुलांपेक्षा जास्त पेटायचे. दुःखी चेहऱ्याला तसं होत नव्हतं. प्रत्यक्ष लढाईवर जाऊन आलेल्या सैनिकांमध्ये हाच नमुना आधी दिसला होता. आणि ही मुलं वरून ठीकठाक होती, कुणाला मानसिक आजार नव्हता. मला हे वाचून काही आश्चर्य वाटलं नाही. डबा हलवून बघणारं पोर दुसरं काय करत असतं? त्याचा मेंदू पहाऱ्यावर उभा असतो, आणि पहारेकऱ्याला लसावि-मसावि सुचत नाही.

म्हणून अभ्यासाचं उत्तर: हो, संबंध असू शकतो. शिकागोमध्ये पॅट्रिक शार्की नावाच्या समाजशास्त्रज्ञानं २०१० मध्ये एक गोष्ट दाखवली. वस्तीत खून झाल्यावर लगेचच्या दिवसांत ज्या मुलांची वाचनाची आणि शब्दांची चाचणी घेतली गेली, त्यांचे गुण घसरले होते. मुलानं स्वतः तो खून बघितलेला असायलाही हवा असं नव्हतं. तिथे गल्लीत झालेल्या गोष्टीनं हे होत असेल, तर स्वयंपाकघरात झालेल्या गोष्टीनं काय होईल याचा अंदाज करा. शिवाय पोट दुखणं, डोकं दुखणं, मोठं झाल्यावर पुन्हा अंथरूण ओलं करणं, रात्री दचकून उठणं. मला आईनं पोटदुखीसाठी किती वेळा जंताचं औषध पाजलं असेल देव जाणे. जंत नव्हतेच.

पण नुसते मार्क बघू नका. माझी बहीण त्याच घरात, त्याच खोलीत वाढली आणि कायम वर्गात पहिली. आवाज चढला की ती उठून भांडी घासायला लागायची. आज तिची स्वतःची दोन मुलं आहेत, घर शांत आहे, नवरा सज्जन आहे. तरी टीव्हीवरच्या मालिकेत कुणी ओरडलं की ती उठते आणि धुतलेली भांडी पुन्हा विसळते. सगळ्या नातेवाइकांत तिचं उदाहरण दिलं जातं, बघा पोरीवर काहीसुद्धा परिणाम झाला नाही म्हणून.

आता दाराबद्दल. २००५ च्या आसपास महाराष्ट्रात भारनियमन काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. अख्खी इचलकरंजी लाइट जाऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसायची, कारण लाइट गेली की माग बंद, माग बंद की मजुरी बंद. गावात लाइट जावी म्हणून देवाला हात जोडणारा बहुधा मी एकटाच. कारण शेजारच्या शेडचे माग चालू असले की आमच्या घरातला आवाज बाहेर जात नसे. अण्णांना हे ठाऊक होतं. ते दार लावायचे, कडी घालायचे, आणि भिंतीपलीकडे आठ माग खडखडत असायचे. लाइट गेली की लगेच थांबायचे. बाहेर ओट्यावर येऊन बसायचे, शेजाऱ्यांशी महावितरणच्या नावानं बोटं मोडायचे, अगदी साधे, हसरे. ज्या माणसाला लाइट गेल्यावर थांबता येतं, त्याचा राग अनावर असतो असं मला कुणी सांगू नये.

मी आठवीत होतो. दिवाळी झाली होती. आईनं कांड्यांच्या पैशातले थोडे तिच्या भावाला दिले होते, ते अण्णांना कळलं. या वयात पोरगं मधे पडायला लागतं. तुमच्या मुलाला अजून चारेक वर्षं आहेत, पण हे लक्षात ठेवा. नऊचं मूल कोपऱ्यात जाऊन बसतं, तेरा-चौदाचं बापाचा हात धरतं किंवा घराबाहेर राहायला लागतं, आणि दोन्हीत त्याला इजा होऊ शकते. मी मधे पडलो. अण्णांनी मला मारलं नाही. काखेत धरून उचललं, दाराबाहेर ठेवलं आणि आतून कडी घातली. एखादी कुंडी उन्हातून सावलीत ठेवावी इतक्या जपून.

बाहेर मी आणि मागांचा आवाज. आतलं काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू न येणं हे ऐकू येण्यापेक्षा वाईट असतं. दार लावून घ्या म्हणणाऱ्यांनी एकदा त्या कडीच्या बाहेर उभं राहून बघावं. शेडच्या भिंतीवर मेन स्विचची पेटी होती. लहान मुलांनी तिकडे जायचं नाही असा दम होता. मी गेलो आणि खटका खाली ओढला.

आठच्या आठ माग थांबले. आणि आमच्या घरातला शब्दन् शब्द गल्लीभर. अण्णा काय म्हणत होते, आई काय म्हणत होती, कशाचा आवाज कशाचा होता, सगळं. शेडमधून जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, ओरडत आला, कुणी ओढला रे, हातात पाना. दारात आला आणि तसाच उभा राहिला. मागोमाग कामगार आले. थोड्या वेळानं आमची कडी निघाली, अण्णा बाहेर आले, सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "लाइट गेली काय?" डोक्यावर रस्त्याचा दिवा जळत होता. कुणी उत्तर दिलं नाही. मला त्याही वेळी हसू आलं होतं, ते अजून येतं.

मग समोरच्या शेडमधल्या एक मावशी, आईसोबत कांड्या भरायच्या त्या, कुणाला न विचारता आमच्या घरात शिरल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, चहा टाक गं. रात्री अकरा वाजता. काय झालं, का मारलं, असलं एक अक्षर विचारलं नाही. कांड्यांचा भाव, नातवाचा ताप, असलंच बोलत उशिरापर्यंत बसल्या. जाताना मला म्हणाल्या, "परत झालं तर माझ्याकडं यायचं, स्विचला हात लावायचा न्हाई, शॉक बसंल." त्यानंतर त्या वेळी-अवेळी बसायला येऊ लागल्या. दार लावलेलं असेल तर वाजवायच्या.

मार त्या दिवसापासून बंद झाला असं सांगितलं तर खोटं होईल. पण लपून राहिला नाही, आणि लपून राहिला नाही म्हणून कमी होत गेला. मी दहावीत जाईपर्यंत जवळजवळ थांबला होता. मला तर त्याच रात्री झोप लागली, माग बंद असूनही. घरात जे चाललंय ते बाहेरच्या एका मोठ्या माणसाला माहीत आहे, एवढ्यानं पोराच्या छातीवरचं किती ओझं उतरतं हे मी तुम्हाला शब्दांत सांगू शकत नाही. हवाई बेटांतल्या काउआईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, भांडणं, आईवडिलांचं व्यसन अशा घरांतली जी मुलं होती, त्यांतली साधारण एक तृतीयांश चांगली उभी राहिली. त्यांच्यात जे समान निघालं त्यात एक गोष्ट ठळक होती, भरवशाचं एक तरी मोठं माणूस. आजी, शिक्षक, शेजारीण, कुणीही. आमच्याकडे त्या मावशी होत्या.

आता काका. मी खटका ओढला तेव्हा दोन मागांवर धोटा (आडवा धागा नेणारा) मधेच अडकून ताणे, म्हणजे उभे धागे, तुटले होते, त्याची भरपाई शेडच्या मालकानं अण्णांकडून घेतली. दुसऱ्या दिवशी काका गावाहून आले ते तडक माझ्यावर. घराची अब्रू चव्हाट्यावर मांडली. ज्या बापानं तुझ्या अंगाला कधी बोट लावलं नाही, त्याचं नाक कापलंस. मला शेडमध्ये नेऊन मालकाच्या पाया पडायला लावलं. आईच्या सुजलेल्या हाताबद्दल एक शब्द नाही. आज वीसेक वर्षं झाली, अण्णा वारले, पण ग्रुपवर कुठून तरी विषय निघतो आणि काकांचं तेच सुरू होतं: तुम्हाला मारलं का? मग तुमची तक्रार काय? मी लंडनचं पाठवलं, शिकागोचं पाठवलं. काकांचं उत्तर, तिकडचं इकडं सांगू नको.

बरं, इकडचं घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. याच सर्वेक्षणात फेरीमागून फेरी एक गोष्ट निघते. जिच्या लहानपणी बाप आईला मारत होता, तिच्या स्वतःच्या वाट्याला मार येण्याचं प्रमाण इतर बायकांपेक्षा खूप जास्त असतं. म्हणजे मुलगी "बघून" काय शिकते? हे असंच असतं, हे शिकते.

यावर काकांचा हुकमी पत्ता: आमच्या आईनंही मार खाल्ला, आम्ही काय बिघडलो? अहो काका, त्या आईचे दोन मुलगे. एकानं मोठेपणी स्वतःच्या बायकोला मारलं. दुसरा तो कसा चुकत नव्हता हे आयुष्यभर पुतण्याला पटवतोय. आणखी कसं बिघडायचं असतं?

(काकांनी काकूवर कधी हात उचललेला नाही, हे मात्र खरं. तेही लिहायला हवं.)

तुमचे राहिलेले प्रश्न. समुपदेशकाकडे न्या, जरूर न्या, पण मार चालू असताना नुसत्या मुलाला नेणं म्हणजे छप्पर गळतंय ते तसंच ठेवून फरशी पुसणं. मुलाच्या उपचाराची पहिली पायरी तुमचा मार थांबणं ही आहे. मुलासाठी संसार टिकवतेय, हे वाक्य आमची आईही म्हणायची. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की आपण मावशींच्या खोलीत राहू, तिथं जागा आहे. कोणत्या वयात जास्त परिणाम होतो या वादात पडू नका. अगदी तान्हं मूलसुद्धा आवाजानं आणि आईच्या ताठलेल्या अंगानं ताठतं. वयाप्रमाणे परिणाम दिसायची तऱ्हा बदलते.

आज रात्रीपासून करण्यासारखं सांगतो. मुलाला स्पष्ट सांगा की हे तुझ्यामुळे होत नाही, तुला थांबवता आलं नाही म्हणून तू कमी पडला नाहीस, आणि मधे पडायचं नाही. काही झालं की कोणत्या घरी जायचं ते ठरवून द्या आणि त्या घरातल्या माणसाला आधी विश्वासात घ्या. १०९८ (मुलांची हेल्पलाइन), १८१ (बायकांची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस, तातडीची मदत) हे आकडे त्याला पाठ असू देत. वर्गशिक्षिकेला थोडक्यात कल्पना द्या, म्हणजे ती त्याला निदान ढ म्हणणार नाही. आणि काही झालंच नाही असं त्याला सांगू नका. त्यानं ऐकलंय, बघितलंय. वर तुम्हीच नाही म्हणालात तर तो स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवायचं सोडेल.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. त्यांच्यामार्फत न्यायालयात अर्ज करता येतो. त्याच घरात राहण्याचा हक्क, नवऱ्याला मारहाणीपासून मनाई आणि मुलाचा तात्पुरता ताबा, तिन्ही मागता येतं. कायद्यात नुसती मारहाण नाही, शिवीगाळ आणि पैशाची कोंडी पण धरली आहे. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरात मार सोसणाऱ्या बायकांसाठी "दिलासा" केंद्र आहे, पालिकेच्या इतर काही रुग्णालयांतही आहे. जखम दाखवायला जाल तेव्हा पडले म्हणू नका, खरं सांगा, तशी नोंद होऊ द्या.

घाईघाईत बॅग भरून निघू नका, हेही सांगायला हवं. बाई घर सोडते तेव्हाच मार सगळ्यात वाईट बसण्याचा धोका असतो. कागदपत्रं, थोडे पैसे, जायचं ठिकाण, सगळं आधी ठरवून मग निघायचं. आणि ज्यांना निघणं शक्य नाही त्यांना मी नावं ठेवत नाही. आमची आई शेवटपर्यंत तिथेच राहिली.

नवरा-बायकोचं साधं भांडण आणि हे एक नव्हे. आवाज चढतात, दोन दिवस अबोला होतो, मग मुलासमोरच समेट होतो, त्यानं मूल मोडत नाही. माझी बायको सिलिंडरवरून आवाज चढवते तेव्हा मी खाली जाऊन गाडी पुसतो, ती चूक तिची नाही. मार बघितलेलं प्रत्येक मूल मारकुटं होतं असंही नाही, बहुतेक होत नाहीत. आणि अभ्यासाचं म्हणाल तर मुलाचे डोळेही एकदा तपासून घ्या, कधी कधी फळाच दिसत नसतो. बायकाही मारतात, असं कुणीतरी खाली लिहीलच. मारतात, आणि बघणाऱ्या पोराला तेवढाच त्रास होतो, पण इथे तो प्रश्न विचारलेला नाही.

राहता राहिल्या सासूबाई. त्या म्हणतात ना, विसरेल. त्यांना एकदा निवांत बसवून विचारा, तुमचा मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हा घरात काय बघत होता. टोमणा म्हणून नको, खरंच विचारा. आणि नवरा घरात नसताना विचारा.